गाडीची शेपूट का हलते? मागच्या सस्पेन्शनची अस्थिरता आणि बॉडीतला पीळ शोधण्याची पद्धत

वेगात वळण घेत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडीचा मागचा भाग क्षणभर आपल्या मर्जीने दिशा बदलतो, आणि पाय पुन्हा टेकवला की उलट्या बाजूला सरकून जागेवर येतो. स्टिअरिंग मात्र आपण हलवलेलेच नसते. असा अनुभव आला की बहुतेक जण शॉकॲब्सॉर्बर गेले असे म्हणून मोकळे होतात. काही जण बॉडीच लवते असे ठरवून डिकीत आडवा रॉड बसवून घेतात. दोन्ही निदाने कधीकधी बरोबर ठरतात, पण ती तपासून काढलेली नसतात, अंदाजाने काढलेली असतात.

शेपूट हलते तेव्हा पुष्कळदा मागची चाकेच थोडीशी वळत असतात, म्हणजे त्यांचा टो (चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बदलत असतो. रस्त्यावरचा जोर टायरमधून चाकात, चाकातून आर्ममध्ये (चाक धरणारा दांडा), आर्ममधून बुशमध्ये (जोडातली रबरी गादी), बुशमधून सबफ्रेममध्ये (मागचे सस्पेन्शन धरणारी धातूची चौकट) आणि शेवटी बॉडीच्या पत्र्यात जातो. या साखळीत नेमका कोणता दुवा नमतो एवढेच शोधायचे असते. तो दुवा सापडण्याआधी काहीही कडक करू नये, कारण कडक केलेला दुवा आपल्या वाट्याचा धक्का गिळण्याऐवजी पुढच्या दुव्याकडे ढकलतो, आणि साखळीतला शेवटचा दुवा हा जेमतेम जाडीचा पत्रा असतो.

उदाहरणासाठी निवडलेली गाडी

ही पद्धत कोणत्याही मागच्या चाकांवर चालणाऱ्या वेगवान गाडीला लागू पडते. पण समजावून सांगण्यासाठी बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या एम-३ इतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. २००० ते २००६ या काळात बनलेली ही गाडी आज युरोप-अमेरिकेत जुन्या बाजारात हौसेने घेतली जाते आणि तिथल्या मराठी मंडळींतही तिचे चाहते आहेत. तिच्या ३,२४६ सीसीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ३४३ अश्वशक्ती आणि टॉर्क ३६५ न्यूटन-मीटर आहे. तिच्या मागच्या बाजूला दोन प्रसिद्ध दुखणी आहेत, एक रबराचे आणि एक पत्र्याचे, आणि चालकाच्या सीटवरून ती दोन्ही जवळजवळ सारखीच जाणवतात.

पहिले दुखणे समजण्यासाठी रचना डोळ्यांपुढे आणावी लागते. प्रत्येक मागच्या चाकाला एक लांब ट्रेलिंग आर्म आहे, जो चाकापासून पुढे जाऊन एका जाड रबरी बुशने थेट बॉडीला जोडलेला आहे. त्याशिवाय एक वरचा आणि एक खालचा आडवा आर्म चाकाला सबफ्रेमशी बांधतो. हे दोन्ही आडवे आर्म चाकाच्या मध्यरेषेजवळ असल्यामुळे चाकाचे तोंड कोणत्या दिशेला राहील हे मुख्यतः पुढचा रबरी बुश ठरवतो. तो चाकाच्या मध्यापासून अर्धा मीटर पुढे आहे असे धरले, तर तो बाजूला १ मिलिमीटर सरकला की चाक सुमारे ०.११ अंश, म्हणजे ७ मिनिटे (६० मिनिटांचा एक अंश) वळते. हा आकडा किरकोळ वाटेल; पण मागच्या टायरची पकड उणीपुरी काही अंशांच्या स्लिपमध्ये (टायरचे तोंड आणि त्याची प्रत्यक्ष वाट यांमधला कोन) सामावलेली असते आणि अलाइनमेंटच्या (चाकांच्या कोनांच्या जुळणीच्या) कागदावरची मर्यादाही मिनिटांतच लिहिलेली असते. थकलेला बुश दोन-तीन मिलिमीटर सरकत असेल तर मागे दुसरे स्टिअरिंग बसवल्यासारखेच होते.

दुसरे दुखणे पत्र्याचे. सबफ्रेम चार ठिकाणी बॉडीला बोल्टने आवळलेली असते आणि ती चारही ठिकाणे डिकीच्या तळाखालच्या पत्र्यात आहेत. पहिल्या गिअरचे प्रमाण ४.२३ आणि डिफरेन्शियलचे (इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) ३.६२ आहे, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर ३६५ चे सुमारे ५,६०० न्यूटन-मीटर होऊन मागच्या चाकांना मिळतात. तेवढाच उलटा जोर डिफरेन्शियलच्या घरावर येतो. त्याचे नाक वर उचलले जाते, सबफ्रेमचे पुढचे दोन बिंदू बॉडीत वर रेटले जातात आणि मागचे दोन खाली खेचले जातात. त्यात इंजिनाकडून मागे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सुमारे १,५४० न्यूटन-मीटरचा आडवा पीळ मिसळतो. त्यामुळे एका कर्णावरच्या दोन बिंदूंवर दोन्ही जोरांची बेरीज होते आणि दुसऱ्या कर्णावर वजाबाकी. पाय उचलला की सगळे उलटे. वायर वाकवून-वाकवून तोडावी तसा हा पत्रा वर्षानुवर्षे दोन्ही दिशांना वाकतो. आधी स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) सुटतात आणि मग तडे जातात.

पहिली पायरी: लक्षण लिहून काढणे

गाडी उचलण्याआधी वही उघडावी. बंद ट्रॅकवर किंवा परवानगी घेतलेल्या मोकळ्या पटांगणावर गाडी चालवून प्रत्येक लक्षण नेमके केव्हा येते ते लिहावे. सार्वजनिक रस्त्यावर हे करू नये.

पाय उचलताना किंवा दाबताना शेपूट सरकत असेल तर संशय ट्रेलिंग आर्मचे बुश, सबफ्रेमचे बुश आणि पत्रा यांच्यावर जातो, कारण तिथला जोर पुढे-मागे उलटतो. सरळ रस्त्यावर ब्रेक लावताना मागचा भाग भरकटत असेल तरीही संशयित तेच. वळणात खड्डा किंवा उंचवटा आल्यावरच गाडी उडी मारून बाजूला होत असेल तर शॉकॲब्सॉर्बर, त्याचा वरचा माउंट (बॉडीला जोडणारा भाग), बंप स्टॉप (सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणारे रबर) किंवा फार खाली उतरवलेली उंची यांकडे पाहावे. लेन बदलल्यावर गाडी एकदा झुलून थांबण्याऐवजी दोन-तीनदा झुलत असेल तर शॉकॲब्सॉर्बर किंवा टायरची हवा. पायाची हालचाल नाही, खड्डा नाही, ब्रेकही नाही आणि तरीही एकाच वळणात मागची पकड कमी वाटत असेल, तर टायर आणि अलाइनमेंट. क्लच सोडताना मागून एकच जड ठोका ऐकू येत असेल, तर डिफरेन्शियलचे बुश तरी गेले आहेत किंवा पत्रा तरी बोलतो आहे.

ज्यांना हे आकड्यांत हवे आहे त्यांनी फोनमधला जायरोस्कोप वापरावा. वळणात अचानक पाय उचलल्यावर गाडी कशी वागते ते मोजण्यासाठी आयएसओ ९८१६ हे मानक आहे. त्याचे तत्त्व घरगुती पातळीवरही वापरता येते. ३० मीटर त्रिज्येचे वर्तुळ शंकू ठेवून आखावे, ताशी ४० किलोमीटरच्या स्थिर वेगाने फिरावे आणि मग पाय झटकन उचलावा. या वेगाला आडवे त्वरण सुमारे ०.४२ जी आणि फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे २१ अंश असतो. निरोगी गाडी पाय उचलल्यावर किंचित आत वळते आणि फिरण्याच्या वेगाचा आलेख गुळगुळीत उतरतो. आलेखात आधी थोडा थांबा आणि मग अचानक पायरी दिसली, तर आधी कुठला तरी मोकळा प्ले (सैल जोडातली रिकामी हालचाल) संपतो आहे आणि त्यानंतर जोर पोचतो आहे. वर्तुळ डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही दिशांना फिरून पाहावे. दोन्हींत फरक असेल तर दुखणे एका बाजूचे आहे, आणि ही माहिती पुढे लिफ्टवर खूप वेळ वाचवते.

दुसरी पायरी: टायर, चाक, उंची

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून लोक तो वगळतात. थंड टायरची हवा मोजावी. टायरच्या कडेवरचा चार आकडी उत्पादन क्रमांक वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. दोन्ही मागचे टायर एकाच मेकचे, एकाच वयाचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते पाहावे. तळहात टायरवरून आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल तर टो चुकलेला किंवा बदलता आहे. चाक वर-खाली पकडून हलवावे आणि बेअरिंगचा प्ले तपासावा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजावी. एक मागची बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट खाली असेल तर स्प्रिंगचे सगळ्यात खालचे किंवा वरचे वेटोळे हाताने चाचपून पाहावे, कारण तुटलेला तुकडा रबराच्या बैठकीत लपून राहतो.

तिसरी पायरी: बुश आणि जोड

गाडी लिफ्टवर किंवा मजबूत जॅकस्टँडवर असावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. लोखंडी टॉमी घेऊन प्रत्येक जोडावर बेताने जोर द्यावा आणि रबर किती सरकते यापेक्षा सरकून परत जागेवर येते का हे पाहावे. ट्रेलिंग आर्मच्या बुशमध्ये मधली नळी रबरापासून सुटलेली असणे, रबरात काळी चीर असणे किंवा नळी मध्यावरून एका बाजूला बसलेली असणे या खुणा पुरेशा बोलक्या आहेत. चाकाजवळचे बॉल जॉइंट, अँटीरोल बारच्या (वळणात गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक आणि शॉकॲब्सॉर्बरचा वरचा माउंटही याच वेळी पाहून घ्यावा. त्या माउंटचे नट डिकीतले अस्तर काढले की दिसतात.

लोंबकळत्या चाकावर चांगला दिसणारा बुश भाराखाली वेगळाच वागतो, म्हणून खरी परीक्षा भाराखालीच होते. माझा अनुभव असा की इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लिफ्टवर टॉमी लावून पाहिलेले बुश ठीक वाटले म्हणून मी स्वतः एकदा जाड अँटीरोल बार बसवला होता. गाडी आणखी बिघडली आणि पुढच्या महिन्यात तोच बुश निम्म्यापर्यंत फाटलेला निघाला.

भाराखाली तपासण्याचा सोपा मार्ग रंगाचा. सबफ्रेम आणि बॉडी यांच्या सांध्यावर, बुशची बाहेरची वाटी आणि आर्म यांच्यावर, आणि बोल्टचे डोके व वॉशर यांच्यावर पांढऱ्या पेंट मार्करने एकेक सरळ रेघ ओढावी. बॉडीखाली छोटा ॲक्शन कॅमेरा पक्का बांधावा आणि मोकळ्या जागेत दहा-बारा वेळा पाय दाबून-उचलून गाडी चालवावी. व्हिडिओ हळू गतीने पाहताना रेघ तुटून पुन्हा जुळत असेल तर तिथे लवचीक हालचाल आहे. रेघ तुटलेलीच राहिली तर तो भाग सरकला आहे. माणसाला खाली झोपवून किंवा गाडीच्या पुढे-मागे उभे करून क्लचवर जोर देण्याचा जुना प्रकार करू नये.

आकडा हवा असेल तर चाक दोन ग्रीस लावलेल्या पत्र्यांच्या तुकड्यांवर उभे करावे, म्हणजे जमिनीचे घर्षण आड येणार नाही. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लावावे आणि रॅचेट पट्ट्याने, मध्ये लटकता वजनकाटा अडकवून, चाक ठरावीक जोराने आधी पुढे आणि मग मागे ओढावे. दोन गेजमधल्या फरकावरून टो किती बदलला ते कळते. १८ इंची रिमच्या कडा सुमारे ४९० मिलिमीटर अंतरावर असतात, तेव्हा १ मिलिमीटर फरक म्हणजे इथेही ७ मिनिटेच. डावे आणि उजवे चाक सारख्या जोराने ओढून तुलना करावी. जोर सोडल्यावर काटा शून्यावर परत आला नाही, तर नुसत्या लवचीकतेपेक्षा प्ले हे उत्तर जास्त संभवते.

अलाइनमेंट दोरीनेही तपासता येते, फक्त पुढच्या दोन चाकांमधले आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर सारखे नसते हे विसरू नये. दोरी टायरला टेकवून न लावता प्रत्येक ॲक्सलच्या दोन्ही हबपासून समान अंतरावर बांधावी. मागच्या चाकांना टो-आउट (चाकांची पुढची टोके बाहेर वळलेली) आढळला तर बाकी तपास थांबवून तो आधी दुरुस्त करावा. या गाडीत टो ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या ब्रॅकेटच्या लांबट भोकांमधून जुळवतात. त्यामुळे ब्रॅकेटचे बोल्ट सैल असतील तर अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी टिकत नाही.

चौथी पायरी: पत्रा आणि पीळ

बुश निर्दोष ठरले, किंवा नवे टाकूनही लक्षण राहिले, तरच बॉडीकडे वळावे. मात्र या विशिष्ट गाडीत पत्रा नेहमीच पाहावा, लक्षण असो वा नसो, आणि विकत घेण्याआधी तर नक्कीच.

सबफ्रेमच्या चारही माउंटभोवतीचे सीलंट आणि अंडरकोट हलक्या तारेच्या ब्रशने काढावे, कारण तडा बहुधा त्याच्याखालीच दडलेला असतो. ताजा, चकचकीत अंडरकोट फक्त या चार जागी मारलेला दिसला तर विकणाऱ्याला कारण विचारावे. तांबूस बारीक रेघ, स्पॉट वेल्डभोवती खड्ड्यासारखा ओढलेला पत्रा आणि रंगावर चंद्रकोरीसारखी सुरकुती, या तीन खुणा शोधायच्या. शंका असेल तिथे धातू उघडा करून पेनिट्रंट डाय वापरावा: स्वच्छ केलेल्या जागी लाल रंग मारून १० ते १५ मिनिटे थांबावे, कापडाने पुसावे आणि पांढरा डेव्हलपर फवारावा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हा भाग दुहेरी पत्र्याचा, पोकळ पेटीसारखा आहे, म्हणून खालून स्वच्छ दिसला तरी अस्तर काढून डिकीतूनही पाहावे आणि शक्य असल्यास छोटा कॅमेरा पोकळीत घालावा. युरोपातल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ, किंवा कोकण-गोव्याची खारी हवा, एवढ्या फटीतूनही आत जाऊन गंज धरवते.

संपूर्ण बॉडीचा पीळ मोजायचा असेल तर गाडीचा मागचा भाग दोन्ही बाजूंना मजबूत टेकूंवर घट्ट ठेवावा आणि पुढचा भाग मधोमध टेकलेल्या एका तुळईवर बसवावा. तुळईच्या टोकाला, मध्यापासून १.५ मीटरवर, १०० किलो वजन टांगले की सुमारे १,४७० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. बॉडीचा ताठपणा अंशाला १०,००० न्यूटन-मीटर आहे असे समजू; तर पुढचे टोक मागच्याच्या तुलनेत ०.१५ अंश फिरेल आणि १.२ मीटर लांबीच्या आडव्या पट्टीच्या दोन टोकांत सुमारे ३ मिलिमीटरचा फरक दिसेल. डायल गेजला हे सहज मोजता येते.

पण एकच आकडा काढून थांबू नये. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या टॉवरपासून मागच्या माउंटपर्यंत सहा-सात ठिकाणी आडव्या पट्ट्या ठेवून प्रत्येक ठिकाणचा कोन मोजावा आणि लांबीच्या अक्षावर आलेख काढावा. रेघ हळूहळू चढत गेली तर बॉडी सर्वत्र सारखी लवते आहे आणि तो त्या गाडीचा स्वभाव आहे. मध्येच एखाद्या टप्प्यात रेघ एकदम उभी झाली, तर दोष त्या टप्प्यात आहे. घडीच्या मागच्या सीटसाठी ठेवलेली खिडकी, उघड्या छताच्या गाडीतला मधला भाग, किंवा जुन्या अपघातानंतर जोडलेला सिल (दाराखालचा लांब पत्रा) अशा ठिकाणी ही उभी रेघ सापडण्याचा संभव असतो. वजन काढल्यावर सगळ्या पट्ट्या मूळ जागी आल्या का तेही पाहावे. न आल्यास कुठे तरी सांधा घसरतो आहे.

एवढी व्यवस्था नसेल तर गाडीचा एक मागचा कोपरा जॅक पॉइंटवर उचलून दाराच्या फटी आणि डिकीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण आधी व नंतर मोजावेत. हा ढोबळ मार्ग आहे, पण डावा आणि उजवा कोपरा उचलल्यावर येणारे फरक वेगवेगळे असतील तर सविस्तर तपासाची गरज आहे एवढे तो सांगतो.

बॉडी खरोखर मऊ असेल तर रस्त्यावरही एक खूण मिळते. मागचा अँटीरोल बार एक पायरी कडक केला तरी वळणातला तोल फारसा बदलत नाही, कारण बारचा ताठपणा आणि बॉडीचा ताठपणा एकापाठोपाठ जोडलेल्या दोन स्प्रिंगांसारखा असतो आणि मऊ स्प्रिंगच निकाल ठरवते. आपल्याकडच्या पुष्कळ वेगवान हॅचबॅकना मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी तुळई) असतो. तिथे बीम स्वतःच पिळला जाण्यासाठी बनवलेला असल्यामुळे त्याचा पीळ दोष मानू नये. त्याचे दोन मोठे बुश मात्र वर सांगितलेल्या ट्रेलिंग आर्मच्या बुशसारखेच तपासावेत.

दुरुस्तीचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर वेळी तेच वर्तुळ, त्याच हवेच्या दाबावर, पुन्हा फिरावे. आधी टायर आणि अलाइनमेंट, मग ट्रेलिंग आर्मचे बुश. नवे रबरी बुश योग्य कोनात दाबून बसवावे लागतात आणि त्यांचा मधला बोल्ट गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असतानाच शेवटचा आवळावा. लोंबकळत्या आर्मवर आवळलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बाजूची हालचाल रोखणाऱ्या लिमिटर चकत्या टाकणे हा स्वस्त आणि समंजस उपाय आहे. सबंध पॉलियुरेथेनचा बुश मला इथे पसंत नाही, कारण हा आर्म एकाच अक्षावर फिरत नाही, तो थोडा तिरकाही होतो, आणि कडक पॉलियुरेथेन त्याला अडवून धरते.

पत्र्यात तडा असेल तर सबफ्रेमला कडक बुश टाकण्याचा विचारही आधी करू नये. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे जाण्यापासून थांबवावा, तडा खरवडून वेल्ड करावा आणि चारही जागी मजबुतीच्या प्लेट वेल्ड कराव्यात. बीएमडब्ल्यूच्या अधिकृत दुरुस्तीत लहान तड्यांसाठी पोकळीत स्ट्रक्चरल फोम भरणे आणि गंभीर तड्यांसाठी संपूर्ण पॅनेल बदलणे असे दोन मार्ग होते. वेल्डिंग करणाऱ्याकडे या कामाचा अनुभव असावा. पेट्रोलची टाकी याच भागाला लागून असते, म्हणून ती काढल्याशिवाय ठिणगी पेटवू देऊ नये. बॅटरीही डिकीतच उजव्या बाजूला असते. तिची तार आधी सोडावी. वेल्डिंगनंतर सांध्यांवर सीलंट आणि पोकळीत मेण फवारावे, नाहीतर प्लेटच्या मागे गंज नव्याने सुरू होतो.

काम झाल्यावर प्लेट आणि पत्रा यांच्या सांध्यावर आणि चारही बोल्टवर पांढऱ्या रेघा पुन्हा ओढाव्यात, ५०० किलोमीटर चालल्यावर गाडी लिफ्टवर घ्यावी, बोल्टचा आवळ वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे तपासावा आणि रेघा जुळलेल्या असतील तरच शेवटचे अलाइनमेंट करून घ्यावे.